आबांच्या कॉम्प्युटरला नवी विंडोज झेपेल का

मला एका जागी बसता येत नाही. आई असताना म्हणायची, हिला पाटावर बसवून वाढलं तर ही पाट काखेत मारून जेवेल. कुणाची वाट बघायची वेळ आली की मी आधी उभी राहते, मग फेऱ्या मारते, आणि फेऱ्यांचा कंटाळा आला की ज्याला हात लावायचा नाही नेमका त्याला हात लावते. मागच्या वर्षी एका शनिवारी साताऱ्यात मी हेच केलं.

त्या सकाळी सांगलीहून एसटीने निघाले ती आबांना कायमचं आपल्याकडे आणायचं ठरवून. आबा म्हणजे माझे वडील. वय अठ्ठ्याहत्तर. सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. आई गेल्यापासून साताऱ्यातल्या घरात ते एकटेच राहतात. मी सांगलीत एका कॉलेजच्या ऑफिसात नोकरी करते, कॉम्प्युटरवरचं सगळं काम तिथे माझ्याच गळ्यात असतं. कराडच्या स्टँडवर गाडी दहा मिनिटं थांबली तेवढ्यात मी तीनदा खाली उतरले आणि तीनदा वर चढले. कंडक्टर शेवटी म्हणाला, "ताई, गाडी तुमाला सोडून जात न्हाई, बसा की निवांत."

निवांत कशी बसणार? दोन वर्षं आमचं भांडण चाललं होतं. आबा विसरायला लागले होते. फोनवर एकच बातमी तीनदा सांगायचे. एकदा पाण्याची मोटर चालू ठेवून शेजारी गप्पा मारत बसले आणि टाकी भरून पाणी थेट रस्त्याला लागलं. दिवाळीच्या आधी तर कोरेगावला निघाले आणि वाईच्या गाडीत जाऊन बसले. परत आल्यावर मला म्हणाले, "बोर्ड नीट दिसला न्हाई." बोर्ड त्यांना व्यवस्थित दिसतो. परवापरवापर्यंत पेपरातला बारीक टाइप ते बिनचष्म्याचा वाचत होते.

मी म्हणायची, आबा, चला सांगलीला. ते म्हणायचे, माझं काम हाय इथं.

हे काम त्यांनी स्वतःहून अंगावर घेतलेलं. आमच्या जिल्ह्यात गल्लीला दोन माजी सैनिक, आणि त्यातले बरेच आता मागे बायको ठेवून गेलेले. पेन्शनच्या कागदात एक तारीख चुकली की त्या म्हाताऱ्या बायकांना या खिडकीतून त्या खिडकीत फिरवतात. आबा त्यांचे अर्ज टाइप करतात, कागद स्कॅन करून ठेवतात, कुठला कागद कुठे जोडायचा ते सांगतात. एक कप चहासुद्धा कुणाकडून घेत नाहीत. त्यासाठी औद्योगिक वसाहतीतलं एक ऑफिस बंद होत होतं तिथून त्यांनी एक जुना डेस्कटॉप आणला. रोज काम संपलं की त्यावर आईने जुन्या चादरीचं शिवलेलं झाकण घालायचं आणि दर रविवारी दाढीच्या ब्रशने कीबोर्ड झाडायचा, हा त्यांचा नेम. आमच्या ऑफिसातली त्याच्यापेक्षा नवी दोन मशीन्स मेली, आबांचं मात्र एकदाही आजारी पडलं नाही.

मग मध्यंतरी पडद्यावर सूचना यायला लागली की विंडोज दहाची मुदत संपली, आता नवी घ्या. आबांनी फोन केला. मी संधी साधली. म्हटलं, "आबा, मशीन जुनं झालंय, त्याला नवी झेपायची नाही. आता कामही बंद करा आणि या इकडे."

आबा म्हणाले, "तू ये आन् तपास. मशीन पास झालं तर मी हितंच. न्हाई झालं तर तू म्हनशील तसं."

सैन्यात दरसाल तपासणी असते. डॉक्टर म्हणेल त्या वर्गात माणूस जातो, त्यावर वाद घालायची सोय नसते. आबांनी आपली तपासणी कॉम्प्युटरवर ढकलली होती. मला ते कळलं आणि मी लगेच हो म्हटलं. खोटं कशाला बोलू, निकाल मला माहीतच होता. असली मशीन्स आमच्या कॉलेजात ढिगाने नापास झाली होती.

घरी पोचले तर आबा इस्त्रीचा शर्ट घालून तयार होते. मशीनवरचं झाकण काढून घडी घालून ठेवलेलं. आणि ओट्यावर एक म्हातारी पिशवी मांडीवर घेऊन बसलेली. रहिमतपूरकडून आली होती. आबा म्हणाले, "ह्या मावशींचं आधी हुंदे. ह्येंच्या मालकांच्या डिस्चार्ज बुकाची, फौजेतनं सुटल्याच्या दाखल्याची, प्रत काढून द्यायची हाय, सोमवारी हापिसात द्यायचीय."

"मूळ पुस्तक कुठाय?" मी विचारलं.

मावशी म्हणाल्या, "पत्र्यातनं गळून त्येचा लगदा झाला, ताई. सुभेदारांनी फोटू काढून ठिवलाय म्हनून बरं."

दोन मिनिटांचं काम होतं. प्रत काढून मावशींच्या हातात द्यायची आणि मग निवांत तपासणीला बसायचं. पण मला कुठला दम? म्हटलं, आधी तपासणी लावते, ती चालू असेस्तोवर प्रिंटरमध्ये कागद घालू.

तपासणी मिनिटभरात झाली. नापास. दोन फुल्या. प्रोसेसर मान्य यादीत नाही आणि सुरक्षेची चिप जुन्या पद्धतीची. मी आबांकडे पाहिलं. ते पडदा वाचत होते, ओठ हलवत, एकेक शब्द. तेव्हा माझ्या मनात आलं की इथेच थांबले तर हे आयुष्यभर म्हणतील, पोरीने नीट बघितलंच नाही. निकाल असा पक्का हवा की पुन्हा तोंड उघडायला जागा राहायला नको. इंटरनेटवर वाचलं होतं की काही मशीनमध्ये आतल्या सेटिंगला जाऊन चिपची पद्धत बदलता येते. म्हणजे एक फुली जाईल, दुसरी राहीलच. सगळे प्रयत्न केले असं तर म्हणता येईल.

मशीन बंद करून चालू केलं, सेटिंगमध्ये शिरले. पद्धत बदलली तेव्हा एक लांबलचक इशारा आला. चिपमध्ये ठेवलेलं सगळं पुसलं जाईल, पुढे जायचं का? मी अर्धा वाचला. ऑफिसात दिवसाला असले पन्नास इशारे मी न वाचता उडवते. हो दाबलं.

मशीन पुन्हा सुरू झालं आणि निळा पडदा आला. डिस्कला कुलूप आहे, किल्लीचा क्रमांक टाका. खाली आठ रिकाम्या जागा, प्रत्येक जागेत सहा आकडे.

"आबा, डिस्कला कुलूप लावलंय?"

"व्हय. बायकांचे बँकेचे कागद हायती त्यात. उगडं ठिवून कसं चालंल?"

रोज ते कुलूप मशीन स्वतःच उघडत होतं, कारण किल्ली चिपमध्ये होती. ती मी एका बोटाने पुसून टाकली होती. आता जी काही उरली असेल ती कागदावर. कुलूप लावताना मशीन अठ्ठेचाळीस आकड्यांचा क्रमांक देतं आणि बजावतं, हा जपून ठेवा, हा गेला तर सगळं गेलं.

"त्याचा कागद छापला असेल ना? कुठंय तो?"

"छापला हुता."

"मग द्या की."

"जाळला."

मला वाटलं, झालं, आबांना आठवत नाही आणि काहीतरी बोलून वेळ मारून नेतायत. मी कपाट उघडलं, फायली खाली ओढल्या, टेबलाचे खण उपसले. आबा माझ्या मागे उभे राहून शांतपणे सांगत होते, "अगं, जाळला म्हंतोय न्हवं. बंबात घातला. राख पान्यात कालवून जास्वंदीच्या बुडात वतली."

"पण का?"

"पाठ झाल्यावर कागद ठिवायचा नस्तुय. आमच्यात तसंच अस्तंय."

आबांची सगळी नोकरी सांकेतिक संदेशांच्या खोलीत गेली. तिथे काय केलं हे त्यांनी आईलाही कधी सांगितलं नाही. इतकंच माहीत होतं की तिथे आकडे गटागटाने असायचे आणि काम झालं की कागद जाळून राखसुद्धा कालवायची, कारण न कालवलेल्या राखेवर अक्षरं दिसतात. मशीनने बजावलं होतं जपून ठेवा. आबांच्या लेखी जपून ठेवायची जागा एकच होती. कुलूप लावलं त्याला सहा वर्षं झाली होती, आणि तेव्हाचे आबा वेगळे होते.

मी घरभर फिरायला लागले. ओट्यावर जायची, मावशी आशेने बघायच्या, मी आत यायची. बायकांची दहा-बारा वर्षांची कागदपत्रं आत कोंडली होती, त्यातली काही जगात दुसरीकडे कुठे नव्हती. मावशींच्या मालकांचं पुस्तक तर नव्हतंच. मावशींनी दारातून विचारलं, "व्हय सुभेदार, माझं हाय न्हवं त्येच्यात?" आबा म्हणाले, "हाय. बसा." मला त्यांचा राग आला, माझा स्वतःचा तर त्याहून जास्त आला. दोन वर्षं मी ज्यांना विसराळू म्हणत होते त्यांच्या डोक्यात आता मला सहा वर्षांपूर्वीचे अठ्ठेचाळीस आकडे हवे होते, एकही न चुकता.

आबा खुर्चीवर बसले नाहीत. खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले, डोळे मिटले. "तू टाइप कर. मधी बोलायचं न्हाई."

आकडे ते हिंदीत म्हणाले, सैन्यात म्हणायचे तसे. सहा आकडे, मग थांबणं, मग सहा. आवाज वेगळाच होता, कवायतीत असतो तसा ठाम. पहिला गट टाकला. पडदा गट चुकला तर लगेच अडवतो. अडवलं नाही. दुसरा. तिसरा. चौथ्याला चुकीचा आकडा मीच दाबला आणि पुसला. आबा थांबले नाहीत, मला त्यांच्यामागे धावावं लागलं. पाचवा, सहावा, सातवा. बाहेर मावशींनी कुणाला तरी हळू आवाजात सांगितलं, "मंत्र चाललाय आत."

आठवा. "पांच, जीरो, आठ..."

आणि थांबले.

मी वाट बघितली. आबांनी डोळे आणखी घट्ट मिटले. पुन्हा म्हणाले, "पांच, जीरो, आठ..." मग एक जागा सोडून, "छह, तीन." डोळे उघडले. चेहरा एकदम उतरलेला. म्हणाले, "मधला एक न्हाई."

"काही बिघडत नाही आबा," मी घाईने म्हटलं, "शून्य ते नऊ दहाच तर आकडे आहेत. एकेक टाकून बघते."

"हात काढ."

असा आवाज मी लहानपणी ऐकला होता. मी हात काढला.

"अंदाजानं न्हाई टाकायचा. कागद आन पेन्सिल दे."

मला ओरडावंसं वाटलं. दहा आकडे टाकायला अर्धं मिनिट लागलं असतं. पण त्यांचा हात पुढे आलेला होता. मी पेन्सिल दिली. अर्जाच्या पाठकोऱ्या बाजूला त्यांनी मोठ्या अक्षरात लिहिलं. पाच, शून्य, आठ, मग एक आडवी रेघ, मग सहा, तीन.

"पाठ करताना बघितलं हुतं मी," ते म्हणाले. "परत्येक गट अकरानं भागला जातुय. चूक धरायला तशी सोय करत्यात." मग पेन्सिलचं टोक एकाआड एक आकड्यावर टेकवत गेले. "पाच, आठ आन सहा. एकोणीस. राहिलं शून्य, ही मोकळी जागा आन तीन. ह्या दोन बेरजा सारख्या पायजेत, न्हाईतर अकराचा फरक पायजे. सारखं करायला मोकळ्या जागेत सोळा लागंल. एका घरात सोळा बसत न्हाई. म्हंजे अकराचा फरक. एकोणीसातनं अकरा गेलं, आठ. आठातनं तीन गेलं..."

त्यांनी रेघेवर पाच लिहिला. खाली भागाकार मांडून ताळासुद्धा घेतला. मग पेन्सिल आडवी ठेवली आणि म्हणाले, "टाक आता."

मी पाच टाकला. निळा पडदा गेला. थोडा वेळ नुसता अंधार, मग नेहमीचं चित्र आलं, त्यावर नेहमीच्या फायली, प्रत्येकीवर कुणा ना कुणा बाईचं गाव लिहिलेलं. मला एवढा आनंद झाला की मी टाळ्या वाजवल्या. आबांनी मावशींची फाइल स्वतः उघडली, दोन प्रती काढल्या, एकीवर बोट ठेवून शिक्का स्पष्ट आलाय का ते पाहिलं. मावशी कागद कपाळाला लावून पिशवीत घालून गेल्या. आत काय झालं होतं याचा त्यांना पत्ताही नव्हता.

मग राहिलेली तपासणी मी पुन्हा लावली. चिपची फुली गेली होती. प्रोसेसरची तशीच. म्हणजे आडवाटेने नवी विंडोज घालता आली असती, चाललीही असती कदाचित, पण पुढे काही झालं तर जबाबदारी कुणाची नाही. नियमाने मशीन नापास. आबांनी ते वाचलं आणि मान हलवली.

मी म्हटलं, "राहू द्या आबा. माणूस पास झालाय, मशीनचं काय एवढं? मी आडवाटेने घालून देते. तुम्ही इथेच राहा."

मी मनापासून म्हणत होते. सकाळी कराडच्या स्टँडवर जी बाई चढउतार करत होती ती आता मला परकी वाटत होती. अठ्ठेचाळीस आकडे! माझा स्वतःचा मोबाइल नंबर सोडला तर मला घरातला एकही नंबर पाठ नाही. कोण कुणाला विसराळू म्हणत होतं?

आबा खुर्चीवर बसले. पहिल्यांदाच दमलेले दिसले. म्हणाले, "वही घे. नंबर लिहून ठिव."

"कशाला? तुम्हाला पाठ आहे की."

"लिहून घे म्हंतो न्हवं."

मी पर्समधली वही काढली. त्यांनी डोळे न मिटता सांगायला सुरुवात केली, सावकाश, मला लिहिता येईल असं. आठवा गट आला तेव्हा त्यांनी तो तोंडाने सांगितला नाही, अर्जाच्या पाठीवरून वाचला. वही हातात घेऊन प्रत्येक गट तपासला, माझा एक सात एकासारखा दिसत होता तो मला पुन्हा गिरवायला लावला. मग वही परत दिली.

"एक आकडा गेला तर अकरा त्यो शोधून देतं," ते म्हणाले. "दोन गेलं तर न्हाई देत, बाय. नऊ-नऊ उत्तरं येत्यात. खरं कुठलं ते कळत न्हाई."

मी वही मिटून पर्समध्ये ठेवली.

"आवंदा एक गेलाय," आबा म्हणाले, आणि टेबलाच्या कडेवरून हात फिरवत, जणू टेबलाची लांबी मोजतायत तसं करत विचारलं, "तुझ्याकडं सांगलीत ह्ये टेबल कुठं बसंल?"

दोन वर्षं मी हेच ऐकण्यासाठी भांडत होते. मी म्हटलं, खिडकीपाशी बसेल, आणि तिथेच उभी राहून रडले.